मांडीवरची सतार

मिरजेत दोन गोष्टींना तोटा नाही: दवाखाने आणि सतारी. एका गल्लीत माणसं छाती तपासून घेतात, पलीकडच्या गल्लीत भोपळे ठोकून बघितले जातात. दस्तगीरभाईंचं सगळं आयुष्य या दोन गल्ल्यांच्या मधे गेलं, आणि २०४३ साली ते दोन्हींच्या कात्रीत असे सापडले की विचारू नका.

दस्तगीरभाई जवारी काढायचे. सतारीच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानसीनं असा घासायचा की तार तिला नुसती चाटून जावी आणि छेडल्यावर सूर रेंगाळावा. केसभर कमी घासलं तर सूर मुका राहतो, केसभर जास्त घासलं तर फाटतो. हे काम मोजपट्टीचं नव्हे, कानाचं. गावात ते करणारे हात आता चारच उरले होते, आणि त्यांतल्या दोन हातांचे मालक दस्तगीरभाई होते.

घोडी पूर्वी सांबराच्या शिंगाची असे, नंतर उंटाच्या हाडाची झाली, आणि आता ती उसाच्या मळीपासून बनवलेल्या कृत्रिम हाडाची येऊ लागली होती. प्राण्यांचे जीव वाचले हे चांगलंच झालं. पण या नव्या हाडाची धूळ मैद्याहून बारीक. ती नाकाला जुमानत नसे, सरळ फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसे. आठ वर्षांपूर्वी दस्तगीरभाईंची छाती वाजायला लागली ती या धुळीनं.

दम्याचं शास्त्र तसं सोपं आहे. श्वासनळीच्या आतल्या पेशींना धूळ लागली की त्या आरडाओरडा करतात. हा आरडाओरडा म्हणजे प्रथिनांचे बारीक कण, एक प्रकारचे निरोपे. निरोप मिळाला की रक्तातल्या लढाऊ पेशी धावून येतात, नळीला सूज येते आणि वाट अरुंद होते. पूर्वीची औषधं सूज आल्यावर ती उतरवायची. नवं इंजेक्शन निरोप्यालाच वाटेत गाठून त्याचे हात बांधतं. निरोप पोचत नाही, फौज उठत नाही, माणूस सुखानं श्वास घेतो. फक्त दर चार आठवड्यांनी टोचून घ्यावं लागतं.

ते टोचायच्या एस्तेर सिस्टर. वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून, दर चौथ्या बुधवारी अकरा वाजता. टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसून राहायचं, अंगावर काही उठलं तर कळावं म्हणून. आठ वर्षांत दस्तगीरभाईंच्या अंगावर काहीच उठलं नाही. ते कागदाच्या पुडीतून भडंग आणत, सिस्टर एका हातानं नोंदी करत आणि दुसऱ्या हातानं भडंग खात, आणि अर्ध्या तासाचा पाऊण तास कधी झाला ते दोघांनाही कळत नसे.

मग पेन आलं.

"हे बघा दस्तगीरभाई," सिस्टर म्हणाल्या, "आता माझ्याकडं यायचं कारण नाही. सुई आत लपलेली आहे, दिसतसुद्धा नाही. पोटावर टेकवायचं, दाबायचं, पंधरा अंक मोजायचे. झालं."

"मला नाही जमणार ओ ते."

"केसाएवढं हाड घासता तुम्ही. अन् बटण दाबायला जमणार नाही?"

"तसं नाही सिस्टर. दुसऱ्यानं टोचलं तर तो इलाज. आपणच आपल्याला टोचून घ्यायचं म्हणजे येडेपणा."

सिस्टर हसल्या. त्यांना पेन यायला हवंच होतं. तीस वर्षं टोचून टोचून त्यांचं मनगट धरलं होतं, आणि इंजेक्शनाच्या सरकारी योजनेत दर महिन्याला नवी माणसं येत होती. शिवाय माणसानं आपलं औषध आपल्या हातानं घ्यावं, कुणाच्या वेळेवर अडून बसू नये, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. त्यांनी दस्तगीरभाईंना तीन बुधवार समोर बसवून शिकवलं. पहिल्या बुधवारी भाईंना दरदरून घाम फुटला. दुसऱ्या बुधवारी त्यांनी डोळे मिटून दाबलं. तिसऱ्या बुधवारी डोळे उघडे ठेवून दाबलं, पंधरा अंक मोजले, आणि डोस गेल्याची खूण म्हणून पेनाची खिडकी पिवळी झालेली बघून इतके खूश झाले की उरलेलं सगळं भडंग त्यांनी पुडीसकट सिस्टरांना देऊन टाकलं.

"माझ्यापेक्षा स्थिर हात आहे तुमचा," सिस्टर म्हणाल्या. हे वाक्य भाईंनी घरी जाऊन बिल्किसभाभींना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा भाभी म्हणाल्या, "कळलं. आता त्या स्थिर हातानं जरा नारळ फोडून द्या."

पेन नुसतं टोचायचं नाही, ऐकायचंही. हीच त्याची करामत होती. निरोगी श्वासाला सूर नसतो, नळीतून वारा जावा तसा नुसता सुस्कारा असतो. नळी अरुंद झाली की तिच्या भिंती थरथरतात आणि शिट्टीसारखा सूर निघतो. त्यालाच आपण घरघर म्हणतो. दर चार दिवसांनी एकदा सकाळी दहा वाजता पेन बरगडीला लावायचं. ते 'टिंग' करतं, श्वास आत घ्यायचा. पुन्हा 'टिंग', बाहेर सोडायचा. असं सहा वेळा. श्वासात सूर सापडला नाही तर पेन गप्प. सापडला तर पुढचा डोस लवकर मोकळा करतं आणि मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांना आलेख पाठवतं.

घरी, कामाच्या खोलीत लावलं त्या पहिल्याच सकाळी पेन बोललं. आवाज बाईचा होता, भाषा अशी शुद्ध की मिरजेत तसं कुणी बोलत नाही. "आपल्या श्वासात घरघर आढळली आहे. आपण ती ऐकू इच्छिता का?"

"नको," दस्तगीरभाई म्हणाले. ते इतक्या जोरात म्हणाले की चहा घेऊन येणाऱ्या भाभी दारातच थांबल्या.

याला कारण होतं. दस्तगीरभाईंचे वडील याच खोलीत जवारी काढत आणि याच खोलीत दम्यानं गेले. शेवटची दोन वर्षं त्यांची छाती भिंतीपलीकडून ऐकू यायची. पोराचा कान तयार होता. घरघरीचा सूर कुठला आहे हे त्याला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळत होतं, आणि तो सूर महिन्यामहिन्यानं चढत गेला हेही कळलं होतं. त्यानं हे कधी कुणाला सांगितलं नाही. आता पासष्टाव्या वर्षी तोच सूर आपल्या छातीतून ऐकायचा, हे त्यांना सोसणारं नव्हतं. ज्याचा कान सगळ्या गावात वाखाणला जाई, तो माणूस आपल्याच छातीपुढं कानावर हात ठेवून बसला.

चार दिवसांनी पुन्हा घरघर. आठ दिवसांनी पुन्हा. पेनानं डोस लवकर मोकळा केला, भाईंनी तो मुकाट्यानं घेतला. पुढच्या खेपेलाही तेच. आणि खरं सांगायचं तर आता त्यांना छाती जड वाटायलाही लागली होती. सिस्टरांना कळवावं असं भाभी म्हणत, पण ज्या बाईनं आपल्या हाताचं एवढं कौतुक केलं तिला 'मला जमलं नाही' म्हणून सांगायचं जिवावर येई.

मग मोठ्या दवाखान्यातून निरोप आला. डॉक्टरांनी लिहिलं होतं की धुळीचं काम पंधरा दिवस बंद ठेवून बघा. भाईंनी धारवाडच्या एका मुलीची अर्धवट सतार खुंटीला टांगली, कानशी फडक्यात बांधल्या आणि पुढच्या सोप्यात जाऊन बसले. तिथं पेन लावलं. पेन गप्प! चार दिवसांनी पुन्हा लावलं. पुन्हा गप्प. न राहवून एक दिवस ते कामाच्या खोलीत गेले, सतार मांडीवर घेतली, आणि दहा वाजता पेन लावलं, तर बाई तयारच होती. "आपल्या श्वासात घरघर आढळली आहे."

आता शंकेला जागाच उरली नाही. काम केलं की घरघर, काम सोडलं की छाती मोकळी. डॉक्टरांचा दुसरा निरोप आला तो आलेखासकट. औषध महाग आहे, धुळीत बसणाऱ्याला ते किती दिलं तरी वाया जाणार, तेव्हा येत्या बुधवारपर्यंत एक काय ते ठरवून कळवा: काम किंवा इंजेक्शन.

"ठरवायचं काय त्यात?" भाभी म्हणाल्या. "मामंजींची छाती मी नवी नवरी असताना ऐकलीय. पुन्हा ऐकायची नाही मला. द्या ती हत्यारं कुणालातरी."

हत्यारं म्हणजे तीन कानशी, एक चाकू आणि वडिलांच्या हातची एक काचेची घासणी, एवढंच होतं. पण ती दिली की आपण कोण उरतो, हे त्यांना कळेना. ते रात्रभर तळमळले असं मी सांगणार नाही, कारण ते चांगले झोपले. सकाळी उठल्यावर मात्र त्यांना जेवणखाण काही गोड लागलं नाही.

बुधवारी अकरा वाजता ते आरोग्य केंद्राच्या बावीस पायऱ्या चढून गेले. सिस्टर एका बाईला पेन शिकवत होत्या. त्यांना बघून म्हणाल्या, "काय ओ, वाट चुकलात? भडंग कुठं आहे?"

"भडंग राहू दे सिस्टर. तुमच्या शिकवणीला मी बट्टा लावला बघा. पेन सारखं बोंबलतंय, डॉक्टर म्हणतेत काम सोडा न्हाईतर सुई सोडा, बिल्किस म्हणती हत्यारं देऊन टाका, अन् मी म्हटलं देतो पण आधी सिस्टरांच्या कानावर घालतो, त्यांनी आठ वर्षं टोचलंय, त्यांना दुसरीकडून कळायला नको, म्हणून आलो."

सिस्टरांनी हातातलं काम थांबवलं. त्यांनी भाईंच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"पायऱ्या चढताना कुठं थांबलात?"

"कशाला थांबू?"

"अन् एवढं सगळं एका दमात बोललात. मी मोजत होते. दम्याचं माणूस तीन शब्दांवर थांबतं, दस्तगीरभाई. पाणी पितं, भिंत धरतं. तुम्ही तर भाषण केलंत."

त्यांनी स्टेथोस्कोप लावला. पुढून ऐकलं, पाठीमागून ऐकलं, दोन वेळा खोल श्वास घ्यायला लावला. आत वारा तेवढा वाहत होता. "छाती स्वच्छ आहे तुमची," त्या म्हणाल्या. "चला, तुमच्या घरी जाऊ या. मला ते पेन तिथंच बघायचंय."

कामाच्या खोलीत सिस्टर आठ वर्षांत पहिल्यांदाच येत होत्या. भिंतीवर नऊ सतारी टांगलेल्या, कोपऱ्यात भोपळ्यांची रास. भाभींनी चहा ठेवला. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता नेहमी जसं करता तसंच करा. काही वेगळं नको."

दस्तगीरभाई सतरंजीवर बसले. धारवाडची सतार खुंटीवरून काढून मांडीवर घेतली आणि सदरा वर करून पेन बरगडीला लावलं.

"सतार मांडीवर कशाला?" सिस्टरांनी विचारलं.

"जवारी निघेपर्यंत सतार मांडीवरून उतरवायची न्हाई, असा आमच्यात रिवाज हाय. एकदा घोडीला कानस लागली की सूर मिळेस्तोवर खाली ठेवायची न्हाई. टांगायची वेळ आली तेवढी या खेपेलाच. बापानं घालून दिलेलं हाय ते. जेवायलासुद्धा आम्ही मांडीवर घेऊनच बसतो."

"खरंय," भाभी चहा देत म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला वाटलं, सवतच आहे घरात."

'टिंग' झालं. भाईंनी श्वास घेतला. 'टिंग'. सोडला. सिस्टर मान तिरकी करून बसल्या होत्या. तिसऱ्या 'टिंग'नंतर त्यांनी विचारलं, "हे गुणगुणतंय काय?"

"कुठं काय?" भाई म्हणाले.

"काय गुणगुणतंय?" भाभींनीही विचारलं.

दोघंही खरंच बोलत होते. नऊ सतारींच्या घरात कुणी शिंकलं, दार लावलं, हाक मारली तरी कुठली ना कुठली तार उत्तर देतेच. चाळीस वर्षं ज्यांनी ते ऐकलं त्यांना ती शांतताच वाटत होती. सिस्टर बाहेरच्या होत्या म्हणून त्यांना ती गुणगुण ऐकू आली. त्यांनी उठून मांडीवरच्या सतारीवर हळूच बोट टेकवलं. लाकूड थरथरत होतं.

"आपल्या श्वासात घरघर आढळली आहे," पेन म्हणालं. "आपण ती ऐकू इच्छिता का?"

"नको," भाई म्हणाले.

"हो म्हणा," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, ते सोडून काय पण सांगा."

"मी आठ वर्षं तुम्हाला टोचलं. एकदा तरी दुखवलं का?"

भाईंनी मान हलवली. नाही, कधीच नाही. त्यांनी भाभींकडं बघितलं. भाभींनी पदर तोंडाशी धरला होता. मग त्यांनी डोळे मिटले, दुसऱ्या बुधवारी पोटाला पेन लावताना मिटले होते तसे, आणि म्हणाले, "ऐकीव बाई."

पेनातून आवाज आला. सुस्कारा, आणि त्याच्या खाली एक लांब, बारीक, चकाकता सूर. भाईंचा चेहरा क्षणभर आवळला. मग सैल पडला. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. पुन्हा लावलं. "हा बापाचा सूर न्हाई. ही छातीच न्हाई! हा तर कोमल निषाद हाय. तरफेची सातवी तार. मीच मिळवलेली."

सतारीला वाजवायच्या तारांखाली तरफेच्या अकरा तारा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही. प्रत्येकीचा सूर वेगळा, आणि आपला सूर कानावर पडला की ती आपणहून गुणगुणते. पेन 'टिंग' करत होतं, सातवी तार त्याला ओ देत होती, तार भोपळ्यात घुमत होती, आणि भोपळा भाईंच्या बरगडीला टेकलेला होता. हाडातून तो सूर पुन्हा पेनाच्या कानात. पेन बनवणारे हुशार होते, त्यांनी त्याला पंख्याचा, रस्त्याचा, टीव्हीचा आवाज वगळायला शिकवलं होतं, कारण ते आवाज सारखे चालू असतात. पण हा सूर नेमका श्वासाबरोबर सुरू व्हायचा आणि श्वासाबरोबर विरायचा, कारण श्वास आणि तार दोघांनाही 'टिंग'च उठवत होतं. मांडीवर सतार घेऊन छाती तपासणारा माणूस जगात असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

"खात्री करू," सिस्टर म्हणाल्या. "आता 'टिंग' झालं तरी श्वास रोखून धरा. अजिबात सोडू नका."

भाईंनी गाल फुगवून श्वास धरला. 'टिंग'. 'टिंग'. त्यांचे डोळे मोठे झाले, कान लाल झाले.

"आपल्या श्वासात घरघर आढळली आहे," पेन गंभीरपणे म्हणालं.

"श्वासच न्हाई तर घरघर कुठली, ए शहाणे!" भाई फुटले, आणि तिघंही अशी हसली की भिंतीवरच्या सतारी त्यांच्याबरोबर गुणगुणायला लागल्या. भाभी हसता हसता रडल्या आणि आपण रडतोय हे लपवायला दुसरा चहा टाकायला गेल्या.

सिस्टरांनी तिथंच बसून डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं, श्वास रोखूनची नोंद पाठवली. मग डॉक्टर म्हणाले की दोन जादा डोस गेलेत त्यानं अपाय नाही, पुढचा ठरल्या वेळी घ्या, कामाला हरकत नाही, पण तोंडाला पट्टी बांधा आणि खिडकीला धूळ ओढणारा पंखा लावा. पट्टी बांधायचं भाईंनी लगेच कबूल केलं. पंख्याचं ते 'बघू' म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून भाभी म्हणाल्या, "बघू नाही, लागला म्हणून समजा."

"आता शेवटचं," सिस्टर म्हणाल्या. "सतार खाली ठेवा अन् पुन्हा लावा."

दस्तगीरभाईंचा हात भोपळ्यावर थांबला. घोडी अर्धी घासलेली, जवारी निघालेली नाही. त्यांनी एकदा भिंतीकडं बघितलं, जिथं वडील टेकून बसत.

"टांगताना मन खात होतं माझं," ते म्हणाले. "पण बापाच्या वेळेला पेन नव्हतं. असतं तर त्यानं आधी मलाच सांगितलं असतं, ठेव म्हणून." आणि त्यांनी सतार उचलून सतरंजीवर, हाताच्या अंतरावर, अलगद ठेवली.

सहा श्वास झाले. पेन गप्प राहिलं. छाती चांगली असली की ते आपणहून काही म्हणत नसे.

"एवढंच?" भाई म्हणाले. "बाई, आता ऐकीव की. आता मला ऐकायचंय."

पेनानं ऐकवलं. दस्तगीरभाई मान खाली घालून, जवारी बघताना बसत तसे, कान देऊन बसले. वारा आत जात होता, बाहेर येत होता. त्यांनी षड्ज शोधला, पंचम शोधला, वडिलांचा तो चढत जाणारा सूरही शोधला. एकही सापडला नाही. जन्मभर तारेत सूर शोधणारा तो माणूस आपल्या छातीत कुठंच सूर नाही म्हणून सिस्टरांकडं बघून तोंडभर हसला, आणि म्हणाला, "पुन्हा एकदा लाव."